नाव लागलं, ताबा कुठे? वसाहती आणि पॅलेस्टाईनचं राज्य

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १५० हून जास्त देशांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली, तरी ते राज्य प्रत्यक्षात का येत नाही? वेस्ट बँकेतल्या, म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून घेतलेल्या प्रदेशातल्या, इस्रायली वसाहतींच्या बांधकामाखाली जेमतेम दोन टक्के जमीन आहे असं तुमच्या वाचनात आलं, मग एवढ्याशा जागेनं अख्खं राज्य कसं अडतं? आणि २००५ मध्ये गाझातल्या वसाहती उठवल्या, तशा इथल्या का उठत नाहीत? अलिबागजवळच्या तुमच्या गावातून इस्रायलला गेलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्याकडे शेवटी येतो.

मी मूळचा भूमापक. काही वर्षं कोकणात मोजणीची कामं केली, मग संगणकावर नकाशे करायला शिकलो आणि मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठी वेस्ट बँकेत नकाशांचं काम केलं. कोणता रस्ता आज उघडा आहे, कोणत्या पाड्यावर पाण्याचा टँकर पोचतो, कोणती जमीन कुणाच्या अखत्यारीत येते, असले ते नकाशे. म्हणून माझं उत्तर मोजणीदाराचं आहे. मुत्सद्दी किंवा फौजी माणूस हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवायला घेईल, आणि त्यांचंही ऐकायला हवं.

तुमच्या तिन्ही प्रश्नांत तुम्ही घरं मोजली आहेत. वसाहतींचा खरा प्रश्न घरांमधल्या मोकळ्या जमिनीचा आहे. ती कुणाच्या हुकमतीत आहे, तिच्यावर बांधायची परवानगी कोण देतं आणि तिची नोंद कुणाच्या वहीत होते, हे पाहिल्याशिवाय काही उलगडत नाही.

दोन टक्क्यांचा आकडा खोटा नाही. कुंपणाच्या आतलं बांधकाम मोजलं तर साधारण तेवढंच भरतं. पण गावठाण म्हणजे काही गाव नव्हे. गावठाणाभोवती शिवार असतं, गावाची हद्द असते. वसाहतींच्या नगरपालिका आणि प्रादेशिक परिषदा यांची हद्द एकत्र धरली, तर वेस्ट बँकेची साधारण ४० टक्के जमीन तिच्यात जाते. वेस्ट बँक केवढी, तर सुमारे ५,६५० चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडी मोठी. एवढ्या जागेत ३० लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी आणि ५ लाखांच्या आसपास इस्रायली वसाहतवाले राहतात. पूर्व जेरुसलेममधले दोन लाखांवर इस्रायली त्याहून वेगळे.

आता ऑस्लो. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकेचे तीन भाग केले. एरिया ए म्हणजे शहरं, साधारण १८ टक्के. तिथला कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे ऑस्लोतून आलेल्या मर्यादित पॅलेस्टिनी सरकारकडे. एरिया बी साधारण २२ टक्के, तिथे नागरी कारभार पॅलेस्टिनींचा आणि सुरक्षा इस्रायलची. उरलेली ६० टक्के जमीन एरिया सी, पूर्णपणे इस्रायली लष्करी प्रशासनाखाली. ही वाटणी तात्पुरती होती. पाच वर्षांत अंतिम तोडगा निघायचा होता, आणि तोवर सी मधली बरीचशी जमीन टप्प्याटप्प्याने प्राधिकरणाकडे जायची होती. तीस वर्षं होऊन गेली, वाटणी तिथेच आहे. नकाशावर पाहिलं तर ए आणि बी मिळून दीडशेहून अधिक सुटे तुकडे दिसतात, आणि त्यांच्या मधली सलग जमीन सगळी सी. बेटांभोवती पाणी असावं तशी. सर्व वसाहती या सी मध्ये आहेत, फक्त हेब्रॉनची गोष्ट वेगळी. तिथे जुन्या शहराच्या आत काही शे वसाहतवाले राहतात आणि १९९७ च्या करारानुसार शहराचा पाचवा हिस्सा इस्रायली लष्कराकडे आहे.

सी मध्ये पॅलेस्टिनी माणसाला स्वतःच्या जमिनीवर घर बांधायचं तर परवाना लष्करी प्रशासनाकडून घ्यावा लागतो. गावपातळीवरच्या नियोजन समित्या १९७१ च्या एका लष्करी हुकमाने गेल्या. पॅलेस्टिनी बांधकामासाठी मंजूर आराखडा असलेली जमीन सी च्या एक टक्क्याच्याही आत आहे. मुलगा लग्नाचा झाला की बाप परवान्याशिवाय खोली काढतो, आणि मग ती पाडण्याची नोटीस येते. शेजारच्या टेकडीवरच्या वसाहतीला मात्र विकास आराखडा, रस्ता, वीज, पाणी सगळं रीतसर मिळतं. एकाच शिवारात दोन कायदे चालतात. वसाहतवाल्याला इस्रायलचा नागरी कायदा आणि शेजारच्या गावकऱ्याला लष्करी कायदा.

पण जमीन वसाहतीकडे जाते कशी? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण बातम्यांत हा भाग जवळजवळ कधीच येत नाही.

१९६७ च्या युद्धानंतर पहिली काही वर्षं लष्कर सुरक्षेचं कारण देऊन खासगी जमीन ताब्यात घ्यायचं आणि तिच्यावर वसाहत उभी राहायची. १९७९ मध्ये नाब्लुसजवळच्या एलोन मोरे वसाहतीचा खटला इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आम्ही इथे कायमचे राहायला आलो आहोत, असं वसाहतवाल्यांनीच न्यायालयाला सांगितलं. कायमची वस्ती आणि तात्पुरती लष्करी गरज एकत्र कशी नांदणार? न्यायालयाने ती जमीन मूळ मालकांना परत द्यायला लावली. वसाहत दुसऱ्या टेकडीवर गेली, आणि सरकारने वेगळी वाट धरली ती म्हणजे जमीन ‘सरकारी’ जाहीर करण्याची.

या वाटेला आधार १८५८ च्या उस्मानी जमीन कायद्याचा. त्या कायद्यात ‘मिरी’ नावाचा जमिनीचा प्रकार आहे. मूळ मालकी राज्याची, कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा. दहा वर्षं कसली तर हक्क पक्का होतो, सलग तीन वर्षं पडीक ठेवली तर जाऊ शकतो. त्यात भर म्हणजे १९६७ पर्यंत जॉर्डनच्या काळात वेस्ट बँकेच्या जेमतेम एक तृतीयांश जमिनीची रीतसर मोजणी होऊन नोंद झाली होती. १९६८ मध्ये लष्करी हुकमाने ती मोजणी थांबली. बाकी दोन तृतीयांश जमिनीला आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाराच नाही. वहिवाट आहे, कर भरल्याच्या पावत्या आहेत, बांध आहेत, शेजाऱ्यांची साक्ष आहे. पक्का उतारा नाही.

दक्षिण हेब्रॉनच्या डोंगरात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्यापुढे पत्र्याचा डबा उघडला होता. एक तुर्की काळातला कागद, काही इंग्रजांच्या काळातल्या कराच्या पावत्या, काही जॉर्डनच्या. त्याची जमीन म्हणजे आपल्या कोकणातल्या कातळासारखी. खडक, मध्ये मातीचा खिसा, पुन्हा खडक. खिशांत बार्ली आणि कडेला ऑलिव्हची झाडं. प्रशासनाचा नियम असा की तुकड्याचा निम्म्याहून अधिक भाग लागवडीखाली दिसला पाहिजे, तो दिसला नाही तर हक्क मानला जात नाही. आणि हे ठरतं विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून. त्या छायाचित्रात खडकच दिसणार, खडकच तिथे जास्त आहे. तुमच्याकडे अशा खडकाचं काय करतात, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं की आमच्या उताऱ्यावर त्याला पोटखराबा म्हणतात. पीक येत नाही म्हणून तेवढ्याचा आकार कमी होतो, पण जमीन खातेदाराचीच राहते. त्याने दुभाष्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. त्या दिवशी मी मोजणीचं यंत्र गुंडाळलं तेव्हा मला बोलायला सुचत नव्हतं, आणि अजूनही पोटखराबा हा शब्द कुठे वाचला की तो डबा आठवतो.

या पद्धतीने १९७९ नंतर सुमारे ९ लाख दुनम जमीन सरकारी जाहीर झाली. एक दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर, आपले जवळपास दहा गुंठे. सरकारी जमीन सगळ्या रहिवाशांच्या उपयोगाची असायला हवी, असं कुणीही म्हणेल. पण २०१८ मध्ये इस्रायली प्रशासनाने माहितीच्या अधिकारात दिलेल्या आकड्यांनुसार, वापरासाठी वाटलेल्या सरकारी जमिनीपैकी ९९ टक्क्यांहून जास्त वसाहतींना गेली होती. जून २०२४ मध्ये जॉर्डन खोऱ्यात एका फटक्यात १२,७०० दुनम जाहीर झाले, ऑस्लोनंतरची सर्वांत मोठी घोषणा. मे २०२५ मध्ये तर इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने एरिया सी मधली थांबलेली जमीन नोंदणी स्वतःच पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. त्याच महिन्यात २२ वसाहतींना मंजुरी मिळाली आणि मथळे त्यांचेच झाले. माझ्या मते नोंदणीचा निर्णय त्याहून फार जड आहे. घर पाडता येतं, माणसं भरपाई घेऊन हलतात. पण एकदा अंतिम नोंद झाली, की पत्र्याच्या डब्यातल्या पावत्यांना पुन्हा कुणी विचारत नाही. ज्याचे वारस १९६७ मध्ये अम्मानला गेले आणि ज्यांना परत येऊन हरकत घेता येत नाही, त्याची जमीन कुणाच्या नावावर लागेल हे सांगायला मोजणीदार लागत नाही.

याच नजरेने ई-१ कडे पाहा. पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमिम ही मोठी वसाहत यांच्या मधला हा सुमारे १२ चौरस किलोमीटरचा उघडा डोंगराळ पट्टा. क्षेत्रफळाच्या हिशेबात नगण्य. योजना १९९० च्या दशकातली, पण अमेरिका आणि युरोपच्या विरोधामुळे रखडत राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली, आणि इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी यामुळे पॅलेस्टिनी राज्याची कल्पना गाडली जाईल असं उघडपणे सांगितलं. एवढ्या पट्ट्याने असं काय होतं? उत्तरेला रामल्ला, मध्ये पूर्व जेरुसलेम, दक्षिणेला बेथलेहेम असा एकच नागरी पट्टा आहे. पॅलेस्टाईनची बाजारपेठ, इस्पितळं, शाळा-महाविद्यालयं यांचा कणा इथेच. पूर्व जेरुसलेमच्या कडेच्या अनाता, अल-इझरिया, अबू दिस या दाटलेल्या गावांना वाढायला जागा उरली आहे ती याच बाजूला. पॅलेस्टिनी वाहनांसाठी वेगळा रस्ता काढून देऊ, उत्तर-दक्षिण जोडलेली राहील, असं इस्रायली बाजू सांगते. रस्त्याने गाडी जाईल हे खरं. पण शहर रस्त्याच्या दुतर्फा वाढतं, आणि इथे दुतर्फा जमीन दुसऱ्याची असेल. राजधानीचं शहर आजूबाजूच्या मुलखापासून तुटलं तर उरलेल्या मुलखाचं राज्य कसं चालवायचं, याचं उत्तर मला आजवर कुठल्याही नकाशात सापडलेलं नाही.

आता गाझाचं. २००५ मध्ये तिथे २१ वसाहती होत्या आणि माणसं आठ हजारांच्या पुढे. त्यांच्याबरोबर उत्तर वेस्ट बँकेतल्या चार वसाहतीही उठवल्या होत्या. त्या आधी १९८२ मध्ये इजिप्तशी झालेल्या तहानुसार सिनाईतलं यामित इस्रायलनेच रिकामं केलं. म्हणजे वसाहत उठतच नाही असं म्हणणं चूक आहे. पण आठ हजार आणि पाच लाख यांत फरक आहे, आणि २०२३ मध्ये इस्रायली संसदेने त्या चार वसाहतींच्या जागी परत जायला असलेली बंदीही काढून टाकली.

पण हे पाच लाख लोक एकाच मनाचे आहेत असं समजू नका. मोदीईन इलित आणि बेतार इलित या दोन कर्मठ धार्मिक गावांतच वेस्ट बँकेतले जवळपास ३० टक्के वसाहतवाले राहतात, आणि ही दोन्ही गावं १९४९ च्या युद्धबंदी रेषेला, म्हणजे हिरव्या रेषेला, चिकटून आहेत. बहुतेक लोक स्वस्त घर मिळतं म्हणून तिथे आले. वाटाघाटींत या पट्ट्याच्या बदल्यात तेवढीच जमीन दुसरीकडे द्यायचा मार्ग दोन्ही बाजूंनी तत्त्वतः मानला होता. २००८ मध्ये इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान ओल्मर्ट आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांच्यात वाद होता तो किती टक्के यावर. अदलाबदलीची कल्पना तेव्हा दोघांनाही अमान्य नव्हती. रेषेपासून सुमारे २० किलोमीटर आत घुसलेलं एरियल, आणि डोंगरमाथ्यावरच्या, देवाने दिलेली भूमी म्हणून आलेल्या लोकांच्या वसाहती हा खरा अवघड भाग. नकाशा कसा काढता यावर आकडा अवलंबून आहे, पण कुठल्याही जोडलेल्या पॅलेस्टिनी राज्यासाठी लाखाच्या वर माणसं हलवावी लागतील असं धरून चाला. गेल्या काही वर्षांत त्यात मेंढपाळ चौक्यांची भर पडली आहे. वसाहतवाल्यांचं एखादं कुटुंब, काही पोरं, शेळ्या-मेंढ्यांचा कळप, आणि त्या जोरावर शेकडो दुनम कुरणातून पॅलेस्टिनी मेंढपाळांना हुसकावणं. माणसं सर्वांत कमी आणि जमीन सर्वांत जास्त, असं हे गणित आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर हिंसेच्या भीतीने डझनावारी पाडे रिकामे झाले. मी टँकरच्या नकाशावर ज्यांच्या खुणा केल्या होत्या, त्यांतले काही आता जागेवर नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. चौथ्या जिनिव्हा कराराचं ४९ वं कलम व्याप्त प्रदेशात आपले नागरिक वसवायला मनाई करतं. इस्रायली परराष्ट्र खात्याचे तेव्हाचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर १९६७ मध्येच सरकारला हे लेखी सांगितलं होतं. सुरक्षा परिषदेचा २०१६ चा ठराव २३३४ आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं १९ जुलै २०२४ चं सल्लागार मत, दोन्ही वसाहतींना बेकायदा ठरवतात. इस्रायल सरकारचं म्हणणं असं की १९६७ पूर्वी तिथे जगाने मानलेला सार्वभौम मालकच नव्हता, त्यामुळे प्रदेश ‘व्याप्त’ म्हणता येत नाही, तो वादग्रस्त आहे. जगातल्या फार थोड्या कायदेतज्ज्ञांना हे पटतं, मलाही पटत नाही.

मग मान्यतेचा उपयोग काय? सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी मान्यता दिल्यावर १९३ पैकी १५७ सदस्य देश झाले. भारताने तर १८ नोव्हेंबर १९८८ लाच दिली होती. मान्यतेमुळे दूतावास मिळतो, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं दार उघडतं, करारांवर सही करता येते. पूर्ण सदस्यत्वासाठी मात्र सुरक्षा परिषदेची शिफारस लागते आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे अमेरिकेने नकाराधिकार वापरला. आपल्याकडे उताऱ्यावर नाव एकाचं आणि ताबा दुसऱ्याचा, असे दावे तुम्ही पाहिले असतील. पण आपल्या दाव्यात नाव लागलेल्या माणसाला ताबा मिळवून द्यायला वर कोर्ट असतं, कोर्टाच्या हुकमामागे पोलीस असतो. इथे १५७ देशांनी नाव लावलं, ताबा द्यायला येणारं कुणी नाही.

इस्रायली माणसाची भीतीही मी नकाशावर पाहिली आहे. नेतान्याजवळ हिरवी रेषा आणि समुद्र यांत अंतर १५ किलोमीटरच्या आसपास. वेस्ट बँकेच्या पश्चिम टेकड्यांवरून बेन गुरियन विमानतळ उघड्या डोळ्यांनी दिसतो. गाझा सोडल्यावर २००७ मध्ये हमासने तिथे सत्ता घेतली, रॉकेट आली, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयानुसार ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मेले. इतक्या मरणांनंतर शेजारच्या टेकडीवर दुसरं राज्य नको म्हणणाऱ्या आईला मी भित्री म्हणणार नाही. पण टेकडीवर पहारा ठेवण्यासाठी सैनिक पुरतो. तिथे बालवाडी उघडली की त्या बालवाडीच्या रक्षणालाच आणखी सैनिक लागतात. सुरक्षा आणि वसाहत ही दोन वेगळी कामं आहेत, हे एलोन मोरेच्या खटल्यातच उघड झालं होतं.

पॅलेस्टिनी बाजूही तयार आहे असं मी म्हणणार नाही. अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, २००६ नंतर संसदेची निवडणूक झालेली नाही, गाझा आणि वेस्ट बँक २००७ पासून दोन सत्तांखाली फुटलेले आहेत. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा इस्रायल वसूल करून देतं आणि हवं तेव्हा अडवूनही ठेवतं, त्यामुळे शिक्षकांचे पगार अर्धे होतात. लोकांचा आपल्याच पुढाऱ्यांवर विश्वास उरलेला नाही, हे मी चहाच्या प्रत्येक टपरीवर ऐकलं आहे.

शक्यता किती, असं सरळ विचाराल तर पुढच्या पाच-सात वर्षांत जोडलेलं, स्वतःच्या जमिनीची नोंद स्वतः ठेवणारं राज्य मला दिसत नाही. गाझाबाबतच्या, नोव्हेंबर २०२५ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २८०३ मध्ये राज्याकडे जाणाऱ्या वाटेचा उल्लेख आहे, पण तो अटींच्या पलीकडे ठेवलेला आहे. तरी सगळं संपलं असंही मी म्हणत नाही. वेस्ट बँकेतून ३० लाख माणसं कुठे जाणार नाहीत, आणि त्यांना नागरिकत्वही नाही आणि राज्यही नाही ही अवस्था कुठल्या ना कुठल्या सरकारला सोडवावीच लागेल. ती सोडवताना हातात जमीन किती उरली असेल हे आज ठरतं आहे. म्हणून नवी मान्यता किती देशांनी दिली यापेक्षा सी मधली नोंदणी कुठवर आली, ई-१ वर रस्त्याचं काम किती पुढे गेलं आणि पॅलेस्टिनी निवडणूक होते का, या बातम्या शोधून वाचत जा.

तुमच्या गावच्या कुटुंबाचं. ते डिमोनाला आहेत असं तुम्ही लिहिलंय. डिमोना नेगेवच्या वाळवंटात, १९४९ च्या रेषेच्या आत, इस्रायलच्या मान्य हद्दीत आहे. कोकणातून गेलेले बहुतेक बेने इस्राएल डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा रेषेच्या आतल्या गावांतच राहतात. मणिपूर-मिझोराममधून गेलेल्या बेने मेनाशेंची काही कुटुंबं हेब्रॉनजवळच्या किर्यात अरबा या वसाहतीत आहेत, पण तो समाज वेगळा. वसाहतींविरुद्ध बोललो तर शेजारच्या आजींच्या घरावर बोलल्यासारखं होईल, ही तुमची धास्ती मला समजते. तसं होत नाही. त्यांचं घर या वादाच्या नकाशावरच नाही.